आधी जन्मदाखला, मग गोष्ट

बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ का म्हणतात, हे मुंबईत कुणालाही विचारा. ब्रिटिश काळात मुंबईच्या डाकगाडीतून सुक्या बोंबलांची पोती जात, डब्यांना तो वास बसे, मग तसा वास कुठेही आला की साहेब नाकाला रुमाल लावून ‘बॉम्बे डाक’ म्हणे, आणि पुढे डाकचे डक झाले. गोष्टीत कशाचीच कमी नाही. आगगाडी आहे, साहेब आहे, रुमालसुद्धा आहे. पण बोरीबंदर ते ठाणे ही आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि या माशाला ‘बॉम्बे डक’ म्हटल्याचे छापील दाखले त्याच्या काही दशके आधीचे आहेत. गाडी सुटायच्या आधीच वास पोचला असे मानायची तयारी असेल, तरच ही व्युत्पत्ती टिकते.

मग खरे काय? हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो मोठा कोश १८८६ साली काढला, त्यात मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाच ‘डक्स’ हे टोपणनाव असल्याची नोंद आहे. म्हणजे मासा, माणूस आणि बदक यांची थट्टा जुनीच. ती पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली, हे कोश सांगत नाही. पुरावा संपतो तिथे कोश थांबतो. गोष्ट थांबत नाही, आणि सगळे भांडण तिथेच आहे.

स्पर्धापरीक्षांचे क्लास, शाळेच्या फळ्यावरचा ‘आजचा शब्द’, सकाळी सकाळी येणारे ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाचे फॉरवर्ड. इंग्रजीतल्या अनवट शब्दांचा आपल्याकडे मोठा बाजार आहे आणि त्यात दोनच प्रकारचा माल मिळतो: पाचशे शब्दांची कोरडी यादी, नाहीतर मसालेदार जन्मकथा. यादी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यातून जाते. कथा जात नाही, आणि खोटी असली तरी जात नाही. शाळेत नाव घालताना आपण मुलाचा जन्मदाखला मागतो. शब्दाची जन्मकथा वर्गात सांगणाऱ्याकडेही तो मागायला हवा. दाखला नसेल तर ती गोष्ट कट्ट्यावर खुशाल रंगवावी, फळ्यावर लिहू नये.

या दाखल्यावर चार रकाने असतात. शब्द लेखी पहिल्यांदा कुठल्या साली सापडला, तेव्हा त्याचे स्पेलिंग काय होते, अर्थ काय होता, आणि कुठल्या भाषेतून, कुणाच्या हाती तो आला. हे रकाने भरणे हे कल्पकतेचे काम नाही, हमालीचे आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ साली नव्या इंग्रजी कोशाचा विचार मांडला. वाचकांना जुनी पुस्तके वाटून दिली आणि शब्दाच्या एकेका वापरासाठी एकेक चिठ्ठी लिहून घेतली. वर शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि पूर्ण वाक्य. पहिला भाग छापून यायला १८८४ उजाडले आणि शेवटचा १९२८ मध्ये आला. तीच ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम याच वाटेने चालू आहे, आणि तिथल्या चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात असल्याचे सांगतात. शब्द मधोमध फोडायचा आणि दोन तुकड्यांना अर्थ चिकटवायचे म्हणजे व्युत्पत्ती, असे ज्यांना वाटते त्यांनी ती कपाटे एकदा बघावीत.

काही भाग्यवान शब्दांचा दाखला तर दिनांकासह मिळतो. ‘सेरेंडिपिटी’, म्हणजे शोधायला जावे एक आणि अवचित हाती लागावे दुसरेच काही मोलाचे. हा शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस मान यांना लिहिलेल्या पत्रात घडवला, आणि कशावरून घडवला तेही त्याच पत्रात सांगून टाकले: सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या एका जुन्या कथेवरून. सेरेंडिप हे अरबी-फारशी जगातले श्रीलंकेचे नाव, आणि त्याच्या तळाशी आहे संस्कृत ‘सिंहलद्वीप’. असा शब्द हाताशी असताना खोट्या गोष्टी सांगायची गरज कुणाला पडावी?

पण पडते. आणि सगळ्यांत सोपा बनाव असतो आद्याक्षरांचा. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरे, हे पत्रकारितेच्या पहिल्याच तासाला सांगितले जाते. वास्तविक ‘न्यू’चे अनेकवचन ते ‘न्यूज’, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचांचा ‘नूव्हेल’ तसाच बनला आहे. पूर्वीच्या इंग्रजीत याचे स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असे सापडते. त्यातला दुसरा ‘ई’ कुठल्या दिशेचा, हे कुणी सांगावे! शिवाय इंग्रज माणूस दिशा मोजतो त्या उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या क्रमाने. ‘गोल्फ’ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’, फक्त सभ्य पुरुषांसाठी, स्त्रियांना मज्जाव, हीही अशीच फोड. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ साली या खेळावर बंदी घातली त्या कायद्यात हे नाव आहे. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारत बसतात, ही त्या काळची तक्रार. त्या शतकात इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून रोजच्या वापराचा शब्द करण्याची रीतच नव्हती.

इथून एक नियम हाती लागतो आणि तो खिशात ठेवण्यासारखा आहे. आद्याक्षरे जोडून उच्चारता येणारा शब्द बनवण्याची चाल विसाव्या शतकात, मुख्यतः महायुद्धांच्या लष्करी कागदपत्रांतून फोफावली. अशा शब्दांना इंग्रजीत ‘अॅक्रोनिम’ हे नावसुद्धा १९४०च्या दशकात रुळले. ‘रडार’, ‘लेझर’ हे खरोखर असे बनले आहेत. त्याआधीचा कुठलाही साधा बोलीतला शब्द कुणी आद्याक्षरांत फोडून दाखवला, तर ती फोड मागाहून बसवली आहे असे धरून चालावे. चूक होण्याची शक्यता फार थोडी.

‘पॉश’ची गोष्ट या नियमाला बगल देऊ पाहते, म्हणून ती जरा नीट बघू. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येताना डाव्या बाजूच्या आणि परत जाताना उजव्या बाजूच्या खोल्यांना ऊन कमी लागे. श्रीमंत प्रवासी त्या राखून ठेवत, आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची चार अक्षरे उमटत. शब्द लेखी सापडतो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, म्हणजे काळ जुळायला हरकत नाही. पण सुएझ कालवा १८६९ साली खुला झाल्यापासून लाखो तिकिटे फाडली गेली असतील. त्यांतले ती चार अक्षरे असलेले एकही आजवर समोर आलेले नाही, आणि ही गोष्ट स्वतः छापील रूपात अवतरते १९३०च्या दशकात, शब्द रुळून गेल्यावर. शब्द आधी आणि त्याची कथा वीस वर्षांनी, असे दिसले की सावध व्हावे. नाव ठेवून झाल्यावर बारसे कुणी करत नाही. कोशकार दुसरीकडे बोट दाखवतात: ‘पॉश’ हा शब्द चोरबोलीत नाण्यासाठी, पैशासाठी आधीपासून होता आणि तो बहुधा रोमानी म्हणजे जिप्सींच्या भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दातून आला. त्या रोमानी शब्दाचे मूळ संस्कृत ‘पार्श्व’ मानतात, ज्यातून आपले ‘पाशी’ निघाले. ही साखळी ‘बहुधा’ने जोडलेली आहे आणि ‘बहुधा’सकटच ती सांगायला हवी.

‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’, सेवा तत्पर मिळावी यासाठी, या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, या कथेत तर व्याकरणाचीही गफलत आहे. खात्री करणे या अर्थी तिथे ‘एन्शुअर’ हवे, ‘इन्शुअर’ नव्हे, आणि ‘एन्शुअर’ घातले की ‘टिप’चे ‘टेप’ होते. ‘सिन्सिअर’ म्हणजे ‘मेणाशिवाय’, कारण रोमन शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत, हे नैतिक शिक्षणाच्या तासाला फार आवडते. लॅटिन ‘सिंकेरुस’चा अर्थ होता निर्मळ, निर्भेळ, आणि त्या शिल्पकारांचा दाखला कुठल्याच लॅटिन लेखकात नाही. ‘क्विझ’ हा शब्द डब्लिनमधल्या एका नाटकगृहाच्या चालकाने पैज जिंकण्यासाठी १७९१ साली रातोरात भिंतींवर खडूने लिहवून घेतला म्हणे. पण विक्षिप्त माणूस या अर्थाने तो १७८२ सालीच एका रोजनिशीत आला आहे. खडू आणायच्या नऊ वर्षे आधी.

आता आपल्या मातीशी खरोखर नाते असलेले शब्द घेऊ, कारण तिथे खोट्याची गरजच नाही आणि तरी ते होते. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘मुंगूस’वरून, बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडून, सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला. आपल्याकडे तो दाक्षिणात्य भाषांतून आला असावा, तेलुगूत त्याचा जुळा भाऊ आहे. इंग्रजांना शेवटचा तुकडा ओळखीचा वाटला, हंसाच्या जातीच्या पक्ष्याचा, ‘गूस’चा, आणि स्पेलिंग तसे वळले. आता परीक्षेतला प्रश्न: ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’, तर ‘मंगूस’चे? ज्याने यादी पाठ केली तो अडखळतो. ज्याला मुंगसाचा प्रवास ठाऊक आहे तो बेधडक ‘मंगूसेस’ लिहितो, कारण मुंगसाचा त्या पक्ष्याशी संबंध नाही. एका खऱ्या व्युत्पत्तीने व्याकरणाचा एक नियम फुकटात दिला.

‘गोडाऊन’चेही तसेच. माल ‘खाली जातो’ ती जागा, असे इंग्रजीत फोडून सांगणारे भेटतात. खरे तर हा शब्द तमिळ-तेलुगूतून मलाय भाषेत, तिथून पोर्तुगीजांकडे आणि मग इंग्रजांकडे गेला. आपण ज्याला गोदाम म्हणतो तोच. ‘गो’ आणि ‘डाउन’ हे तुकडे इंग्रजांच्या कानाने पाडले.

पण महाराष्ट्राचा सगळ्यांत नामी शब्द आहे ‘डूलॅली’. इंग्लंडात आजही डोके फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना नाशिकजवळची देवळाली ठाऊक असेल कोण जाणे. १८६०च्या दशकापासून तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांना मायदेशी नेणारी जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात मुंबईहून सुटत. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याला सहा-सात महिने देवळालीत बसून राहावे लागे. ना कवायतीत मन, ना लढाई, वर उन्हाळा आणि मग पाऊस. दारू, मारामाऱ्या, तुरुंग. त्या अवस्थेला शिपाईगडी ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. यातला ‘टॅप’ म्हणजे डोक्यात मारलेली टपली नव्हे, आपला ‘ताप’. देवळालीचा ताप. पहिल्या महायुद्धानंतर छापलेल्या सैनिकी शब्दसंग्रहात तो सापडतो. पुढे ताप गळून गेला, गाव तेवढे उरले. गावाचे नाव, जहाजांचे वेळापत्रक, छापील नोंद: एवढे सगळे जिथे जुळते तिथे व्युत्पत्ती पक्की म्हणावी.

कोशकार चुकत नाहीत असे मात्र समजू नये. खोट्या व्युत्पत्तीने सर्वांत मोठे नुकसान केले ते विद्वानांच्या हातून. ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दात ‘बी’ का असतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या मुले रडली आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत तो नव्हता, फ्रेंचांकडून शब्द आला तेव्हाही नव्हता. लॅटिन ‘डेबिटुम’ची आठवण राहावी म्हणून पंडितांनी तो मागाहून खुपसला. उच्चारात तो कधी गेला नाही. ‘डाउट’मधला ‘बी’ही त्याच कारखान्यातला. निदान इथे नाते तरी खरे होते. ‘आयलंड’मध्ये तेही नाही. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात ‘एस’ कधीच नव्हता. लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’शी त्याचे नाते आहे असा गैरसमज झाला आणि परका ‘एस’ घरात येऊन बसला. मुलांना हे सांगितले तर निदान एवढे कळेल की चूक त्यांची नव्हे.

आणि ‘सिलॅबस’? ज्या शब्दाने आपली अर्धी विद्यार्थिदशा व्यापली, तो मुळात छपाईची चूक आहे. रोमन लेखक सिसेरोच्या पत्रांत ग्रंथाच्या गुंडाळीला लावायच्या नावपट्टीसाठी ग्रीक ‘सिट्टुबा’ हा शब्द आला होता. पंधराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांत तो ‘सिलॅबोस’ असा उमटला, आणि पुढच्यांनी त्या अस्तित्वात नसलेल्या शब्दाला अर्थ, व्याकरण आणि वंशावळ बहाल केली. ‘सिलॅबसेस’ खरे की ‘सिलॅबाय’ यावर वाद घालणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. कोश दोन्ही मान्य करतात, पण लॅटिन वळणाचा आग्रह धरण्यात विशेष अर्थ नाही, कारण ते लॅटिनच मुद्रणदोषातून जन्मले आहे.

याहून बोलके उदाहरण ‘डॉर्ड’चे. वेबस्टरच्या १९३४ सालच्या अमेरिकन महाकोशात हा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. असा शब्दच नाही. रसायनशास्त्राच्या संपादकाने जुलै १९३१ मध्ये चिठ्ठी पाठवली होती की घनतेसाठी ‘मोठा डी किंवा लहान डी’ हे संक्षेपचिन्ह वापरतात. इंग्रजीत ‘किंवा’ म्हणजे ‘ऑर’. चिठ्ठी चुकून संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात पडली आणि ‘डी ऑर डी’चे झाले ‘डॉर्ड’. पाच वर्षे तो मानाने कोशात नांदला. पकडला कसा गेला, तर फेब्रुवारी १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही. जन्मदाखला मागितला आणि सोंग उतरले.

आता आपल्याला जरा झोंबणारा भाग. इंग्रजीतले निम्मे शब्द संस्कृतातून चोरले आहेत, असा एक फॉरवर्ड दर महिन्याला नव्या कपड्यांत येतो. ‘नॅव्हिगेशन’ म्हणजे ‘नवगती’, ‘अवर’ म्हणजे ‘होरा’. ‘नॅव्हिगेशन’ लॅटिनमधले आहे: ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. त्यातले ‘नाविस’ आणि आपले ‘नौ’, ‘नाव’ ही एकाच पणजीची नातवंडे आहेत. पण चुलत भाऊ म्हणजे बाप नव्हे. आणि ‘होरा’च्या बाबतीत गाडी उलट दिशेने धावली. ग्रीक ‘होरा’ लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘अवर’ झाला, आणि तोच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहज्जातकात सांगतो, की ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गळून ‘होरा’ झाला असे काही जण म्हणतात. ‘काही जण’! आणि त्याच ग्रंथात तो राशींची क्रिय, तावुरि, जितुम अशी नावेही देतो, जी ग्रीक क्रिओस, टाउरोस, डिडुमोई आहेत. लोकव्युत्पत्तीचा सोस तेव्हाही होता, आणि ती ‘काही जणांच्या’ नावावर टाकण्याची शिस्तही.

नाते खरे की योगायोग, हे ओळखायची खूण म्हणजे ध्वनींचा नियमितपणा. संस्कृतात आणि लॅटिनमध्ये जिथे ‘प’, तिथे अस्सल इंग्रजी शब्दात ‘फ’ येतो: पितृ, पाटेर, फादर, पद, पेडिस, फूट. ‘पशु’, लॅटिन ‘पेकु’ आणि इंग्रजी ‘फी’ हीसुद्धा याच रांगेतली. ‘फी’ फ्रेंच भाषेतून वळसा घालून आली एवढेच. गुरे हीच संपत्ती होती, म्हणून पैशासंबंधीचा तो परीक्षेतला लाडका शब्द ‘पेक्युनिअरी’. ज्या भाषेत ‘पशुधन’ हा शब्द रोज वापरला जातो, त्या भाषेच्या मुलाला तो वेगळा पाठ का करावा लागावा? उलट नुसत्या दिसण्यावर जाल तर फसाल. फारसीतून आलेला आपल्या ‘बदनाम’मधला ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा आवाज जवळपास एक, अर्थ एक, आणि नाते शून्य.

याच्यावर एक व्यावहारिक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. गोष्ट खोटी का असेना, शब्द लक्षात राहतो ना? पोराला गुण मिळतात ना? शब्द लक्षात ठेवायची युक्ती म्हणून काहीही चालते, अगदी मराठी यमकसुद्धा. फक्त ‘ही युक्ती आहे’ असे सांगून वापरावी, ‘हा इतिहास आहे’ असे सांगून नव्हे. आणि दुसरे, खोटी गोष्ट एकाच शब्दाला चिकटते. खरी गोष्ट गोतावळा घेऊन येते. डोळ्यातल्या ‘प्यूपिल’चे मूळ लॅटिन ‘पुपिल्ला’, म्हणजे छोटी बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते. मराठीत त्याला काय म्हणतात? बाहुलीच. विद्यार्थी या अर्थाचा ‘प्यूपिल’ही त्याच घरातला: लहानगा, पालकाच्या ताब्यातला पोर. ‘मसल’ म्हणजे लॅटिनमधला ‘छोटा उंदीर’. दंड वळवला की कातडीखाली काहीतरी पळताना दिसते ते रोमनांना उंदीर वाटले. आपल्या पोरांना बेडूक वाटतो, म्हणून बेटकुळी. मराठी मुलाच्या डोक्यात हे जोड आधीच आहेत. क्लासवाले ते वापरत नाहीत आणि आयात मेण विकतात.

याद्यांबद्दलही बोलायला हवे. सर्वांत लांब इंग्रजी शब्द कोणता, या प्रश्नाला पंचेचाळीस अक्षरांचा, ‘न्यूमोनो’ने सुरू होणारा फुप्फुसरोगाचा शब्द सांगितला की टाळ्या पडतात. अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघाच्या अध्यक्षाने १९३५ साली तो मुद्दाम लांब व्हावा म्हणून जुळवला. डॉक्टर ‘सिलिकोसिस’ म्हणतात आणि औषध लिहून देतात. एकोणतीस अक्षरांचा ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’, जो २०१८ साली शशी थरूर यांच्या ट्विटमुळे आपल्याकडे घरोघरी पोचला, तो त्यामानाने कुलीन. १७४१ सालचा दाखला आहे, आणि लॅटिन व्याकरण शिकताना ‘कवडीमोल’ या अर्थाचे चार शब्द एका ओळीत पाठ करावे लागत, त्यांना इंग्रज विद्यार्थ्यांनी दिलेली ती गाठ आहे. तरीही तो शब्द मिरवायचा, वापरायचा नव्हे. थरूर यांचाच २०१७ सालचा ‘फरागो’ मात्र शिकण्याजोगा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जनावरांपुढे टाकायचा मिश्र चारा. आपल्याकडचे आंबोण आठवावे. कशाचाही कशाला मेळ नसलेले मिश्रण, हा आजचा अर्थ त्यातून आपोआप उतरतो.

उलट बाजूची चूकही होते. मूळ कळले की काही जण त्यालाच खरा अर्थ समजून बसतात. ‘डेसिमेट’ म्हणजे रोमन फौजेत दहांतला एक मारण्याची शिक्षा, म्हणून आज तो ‘प्रचंड संहार’ या अर्थी वापरणे चूक, असा हट्ट धरतात. मग ‘नाइस’ कुणाला म्हणूच नये, कारण लॅटिन ‘नेस्कियुस’चा अर्थ होता अडाणी. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘राग’ म्हणजे प्रेम. मराठी आईने मुलाला रागावून शिक्षा केली तर तिने प्रेमाने शिकवले असा निवाडा कुणी देईल का? मूळ अर्थ हा शब्दाचा पूर्वपत्ता असतो. आज तो कुठे राहतो हे वाक्यात बघावे लागते. धातू-उपसर्गांच्या तक्त्यांतही हाच धोका. ‘पेड’ म्हणजे पाय हे पाठ केलेला विद्यार्थी ‘पीडिअॅट्रिक’ला पायाचा डॉक्टर करतो. तिथला तुकडा ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. ‘इन’ म्हणजे नकार हे पाठ केलेला ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेल्या टँकरशेजारी बिनधास्त विडी पेटवील, कारण इथला ‘इन’ नकाराचा नाही, पेट ‘आत’ धरण्याचा आहे. याच भीतीने अग्निसुरक्षेच्या संस्थांनी विसाव्या शतकात ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द पुढे आणला. आपल्या टँकरवरचे ‘ज्वालाग्राही’ त्यापेक्षा स्पष्ट आहे.

हे सगळे वर्गात बसवता येईल का? चाळीस मिनिटांच्या तासाला चार शब्द, जास्त नाहीत. वहीत पाच रकाने: शब्द, तो ज्यात भेटला ते पूर्ण वाक्य, पहिला दाखला, आलेली वाट, आणि नातेवाईक. शेवटच्या रकान्यात एक तरी मराठी शब्द किंवा मराठी कल्पना शोधायची. नाहीच मिळाली तर रेघ मारायची, ओढूनताणून भरायची नाही. साल मिळवायला मेरियम-वेबस्टरचे संकेतस्थळ फुकट आहे, तिथे बहुतेक शब्दांखाली पहिल्या वापराचा काळ दिलेला असतो. डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोशही फुकट आणि भरवशाचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला वर्गणी लागते. गूगल बुक्सवर स्वतः शोधणाऱ्याने दोन गोष्टी जपाव्यात. नियतकालिकाच्या अंकाला तिथे कधी कधी ते नियतकालिक सुरू झाल्याचे साल लागते, म्हणून मुखपृष्ठाचे पान उघडून बघावे. आणि जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्र ‘एफ’ म्हणून वाचते, त्यामुळे भलतेच शब्द सापडतात. मराठी बाजूला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश हाताशी असावा. दोघांनाही चुकण्याची मुभा ठेवून.

आणि जिथे दोन हक्कदार आहेत तिथे दोन्ही लिहावेत. ‘टँक’वर मराठी ‘टाके’ आणि गुजराती ‘टांकुं’ यांचा दावा आहे, तसाच पोर्तुगीज ‘टांके’चाही आहे, आणि कोशकार दोन्ही प्रवाह मिसळल्याचे मानतात. अभिमानापोटी पोर्तुगीज दावा खोडू नये. रणगाड्याला तेच नाव का, याला मात्र एकच उत्तर: नवे शस्त्र गुप्त राहावे म्हणून १९१५च्या अखेरीस त्याला पाण्याची टाकी म्हणायचे ठरले, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या रणांगणावर टाकीतून तोफा निघाल्या.

राहिला प्रश्नपत्रिकेचा प्रश्न, कारण क्लास शेवटी तिच्याकडे बघूनच शिकवतो. ‘खालील शब्दाचा समानार्थी शब्द निवडा’ या एका गुणाच्या प्रश्नाने यादीच विकली जाणार. त्याऐवजी दोन गुणांचा हा एक प्रश्न घालून बघावा: ‘मंगूस’चे अनेकवचन लिहा. तसेच का होते, ते एका वाक्यात सांगा.